तांदळातली कॅसेट

नव्या तांदळाचा वास आला की ब्रह्मपुरीचं घर आठवतं. ऐंशीच्या दशकात टीव्हीला जोडायच्या माझ्या छोट्या कॉम्प्युटरचे प्रोग्राम गाण्यांच्या साध्या कॅसेटवर, आवाजाच्या रूपात साठवावे लागत. महिनाभर खपून लिहिलेल्या सापशिडीची कॅसेट एका सकाळी सापडेना. घर पालथं घालून मी रडकुंडीला आले.

आई म्हणाली, "म्या गाणे आयकाले लावली, तं नुसती किरकिर करून राह्यली होती. मले वाटलं ओल लागली. तांदळात ठेवली."

डब्यात कोपरापर्यंत हात घालून मी ती काढली, पुसली, कॉम्प्युटरला जोडलेल्या टेपरेकॉर्डरवर लावली. तीच किरकिर झाली आणि टीव्हीवर सापशिडी उमटली. माझा जीव भांड्यात पडला.

"अजून किरकिरतेच," आई म्हणाली. "आणखी दोन दिवस ठेवू का?"

तेव्हा मी कपाळाला हात लावला. आता वाटतं, माझ्या त्या खेळाची एवढी काळजी घरात दुसऱ्या कोणाला होती?