जिन्यातली रेंज

कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यानं एकतीस वर्षं काढली. साधा पाना हवा असला तरी आधी चिठ्ठी, चिठ्ठीवर सही, मग पाना. एकदा मॅनेजरलासुद्धा त्यानं बल्बसाठी हात हलवत परत पाठवलं होतं. कामगारांनी त्याचं नाव ‘चिठ्ठीसाहेब’ पाडलं, आणि हा गृहस्थ असा, की त्याला तो मान वाटला. एकतीस वर्षांत आपल्या हातून एक स्क्रू हरवला नाही, हे तो येईल त्याला ऐकवायचा. हरवली ती पोटची मुलगी, आणि तीही त्यानंच घालवली.

बायकोची सोन्याची बांगडी सापडेना, तेव्हा त्यानं घरातच चौकशी लावली. कपाटाची किल्ली कोणाकडे होती, दुपारी घरी कोण होतं. सव्वीस वर्षांच्या मुलीला त्यानं हे एकदा नाही, तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी तिनं बॅग भरली. दोन महिन्यांनी बांगडी गादीच्या खोळीत निघाली. तोवर तिनं नंबर बदलला होता. ओळखीपाळखीतून ‘माझं चुकलं’ एवढं कळवता आलं असतं, पण ह्याची जीभ काही रेटली नाही. त्याला आता तीन वर्षं झाली.

घरातला राउटर जुना, एकाच बँडचा. परवा तो कायमचा विझला. त्याचं बिल शोधायला ड्रॉवर उपसला, तर बिलाला टाचलेली मुलीची चिठ्ठी हाती आली. कॉलेजात असताना तिनं नवा राउटर मागितला होता. ह्यानं सवयीनं ‘लेखी दे’ म्हटलं, आणि त्या पोरीनं खरंच दिलं: ‘मागणी: दोन बँडवाला राउटर, नग एक. कारण: जिन्यात रेंज येत नाही.’ घरात बापाचे कान टवकारलेले, म्हणून ती फोनवर बोलायला जिन्यात जाऊन बसायची. खाली ह्याच्या हातचा शेरा होता: ‘गरज नाही.’ त्यानं चिठ्ठी खिशात घातली आणि दुकान गाठलं.

दुकानदारानं खोकी मांडली.

‘‘काका, ह्यात दोन बँड आहेत. पाचवाला जोरात पळतो, पण भिंत आली की दम टाकतो. दोन-पॉइंट-चारवाला हळू आहे, पण भिंतीपलीकडे जातो.’’

‘‘जिन्यापर्यंत जाईल?’’

‘‘जिन्यात कोण बसतं तुमच्या?’’

‘‘कोणी नाही,’’ तो म्हणाला, आणि चार अँटेनांचा राउटर घेऊन आला.

तो त्यानं दाराशेजारच्या फळीवर बसवला. नाव जुनंच ठेवलं. पासवर्डही जुनाच, मुलीनं बापाला चिडवायला घातलेला: ‘चिठ्ठीदाखवा’, इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून.

‘‘असू दे तोच,’’ बायको म्हणाली. ‘‘आपल्या तिघांशिवाय कोणाला ठाऊक नाही.’’

मग तो फोन घेऊन जिना दोनदा उतरला, दोनदा चढला. बायको दारात उभी राहून बघत होती.

नव्या राउटरची एक यादी फोनवर दिसायची, कोणकोण जोडलेलं आहे त्याची. चिठ्ठीसाहेबाला पुन्हा स्टोअर मिळालं. सकाळ-संध्याकाळ तपासणी: माझा फोन, हिचा फोन, टीव्ही. तीन नग, बरोबर. गुरुवारी संध्याकाळी बायको फोन घरी ठेवून भाजीला गेली होती, आणि यादीत चौथा नग दिसला. नाव नाही, नुसते आकडे आणि अक्षरं. हळू बँडवर, जरा लांबून. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. वरच्या भाडेकरूवर त्याचा पहिल्यापासून संशय होता. ‘‘फुकटे लेकाचे,’’ असं म्हणून त्यानं ‘ब्लॉक करा’ दाबलं. चौथा नग गेला. त्याला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

दहा मिनिटांनी बायको धापा टाकत वर आली. भाजीची पिशवी तिनं दारातच टाकली.

‘‘ती आली होती.’’

‘‘कोण?’’

‘‘अहो, कोण काय! आपली पोर. खालच्या शिंपीणबाई सांगत होत्या. अर्धा तास जिन्यात बसून होती, वर यायचा धीर होईना. नवा फोन होता हातात. त्यांना म्हणाली, काकू, बघते घरचा पासवर्ड अजून तोच आहे का. लागला तशी हसली. म्हणाली, म्हणजे अजून मी घरातली आहे, जाते वर. आणि उठली तेवढ्यात बंद पडलं. परत टाकला, घेईना. परत टाकला...’’

‘‘मग?’’

‘‘म्हणाली, बाबांनी काढून टाकलं मला. आणि उतरून गेली. शिंपीणबाई कोपऱ्यापर्यंत धावल्या मागे.’’

तिनं चिठ्ठी दाखवली होती, अक्षर न् अक्षर बरोबर. हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

‘‘मी केलं,’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटलं, वरचा भाडेकरू.’’

‘‘दार उघडून बघायचं तरी,’’ बायको म्हणाली. ‘‘चार पावलं होती हो.’’

त्यानं ब्लॉक काढला. यादीत तीनच नग होते. फोन घेऊन तो बाहेर गेला आणि मुलगी बसायची त्या पायरीवर बसला. दिवा लागला, लोक त्याला वळसा घालून वर-खाली गेले. चौथा नग आला नाही. जिन्यात रेंज मात्र चांगली येत होती.