सिस्टरची माती

"कच्ची हाय. उचला."

ओल्या मातीची चिमूट नाकाशी धरून सिस्टर एवढंच म्हणायच्या, आणि घमेलं पुन्हा उन्हात जायचं. हुंगताना कपाळावर अशी आठी पडायची, की मातीनंच काहीतरी अपराध केलाय असं वाटावं.

आमच्या कळंबमध्ये त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. दवाखान्यातली नोकरी संपली तरी त्या सिस्टरच राहिल्या. मी शाळेत शिकवतो. त्यांच्या आणि माझ्या गच्चीत फक्त कमरेएवढी भिंत होती. नोकरीत असताना डासांच्या बंदोबस्तासाठी पाळलेल्या गप्पी माशांच्या टाक्या त्यांच्याकडे असत. तिथून हा नाद लागला. पण त्यांचा जीव माशांपेक्षा टाकीच्या तळावर जास्त. निळे-गुलाबी खडे आणि प्लॅस्टिकची झाडं दिसली, की त्यांचं डोकं फिरायचं.

"खाली जमीन न्हाय आन् वर संसार मांडलाय! उद्या तुमाला फरशीवर पेरायला लावलं तर चालंल का?"

ज्याच्या घरी पाहुण्या म्हणून गेल्या, त्यालाच हे ऐकावं लागे. चहा बाजूला राहायचा आणि बाई बाह्या सारून टाकीत हात घालायच्या.

त्यांची माती बनताना मी रोज पाहत होतो. येडशीकडच्या एका आटलेल्या तळ्यातला गाळ आणायचा. पाण्यात कालवून वर तरंगणारा काडीकचरा काढून टाकायचा, गढूळ पाणी ओतायचं, उरलेला गाळ उन्हात वाळवायचा. वाळला की पुन्हा भिजवायचा. वास पार गेला, की चाळणीतून चाळून त्यात कुंभाराकडची चिकणमाती मळायची. टाकीत तिचा थर, त्यावर धुतलेली वाळू, मग झाडं. झाडांनी मुळं धरल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत. कोणी घाई केली, की ठरलेलं उत्तर, "बाळंतिणीला दुसऱ्या दिवशी शेतावर धाडता व्हय?"

अशा माणसांचा तुम्हालाही अनुभव असेल. त्यांचा राग सोसावा लागतो, पण ती नसली की घर सैल पडतं.

आमच्या गल्लीतले एक म्हातारे गुरुजी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले. बोलणं जवळपास गेलं. तोंड भिंतीकडे करून पडून राहायचे. सिस्टर एक दिवस रिकामी काचेची टाकी घेऊन तिथं पोचल्या आणि गुरुजींच्या डोळ्यांसमोर ती उभी केली. झाडं धरली, मासे आले. गुरुजींनी कूस बदलली. पुढं त्यांची सून सांगायची, "सकाळी पडदा सारायला जरा उशीर झाला तर आता आवाज करतेत."

मग बसस्टँडजवळ शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला शक्कल सुचली. तो सिस्टरांकडे येऊन गोडीगुलाबीनं सगळी रीत विचारून गेला. त्यांनीही काही हातचं न राखता सांगितली. थोड्याच दिवसांत त्याच्या दुकानात पाकिटं लटकली. वर छापलेलं होतं 'सिस्टर स्पेशल माती'. आत काय होतं? वावरातली कच्ची माती आणि झाडं झटक्यात वाढावीत म्हणून मिसळलेला युरिया. धुणं नाही, वाळवणं नाही, वाट बघणं तर नाहीच.

गुरुजींच्या मुलानं नाव वाचून विश्वासानं पाकीट नेलं आणि झाडं अजून फोफावतील म्हणून टाकीत टाकलं. सकाळी सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. गुरुजी ते बघत पडून होते.

मुलगा तडक सिस्टरांच्या दारात आला. "तुमाला पैशाचा एवढा मोह सुटला, तर आधी सांगायचं होतं! माझा बाप रडायलाय तिकडं!"

सिस्टरांना काही कळेना. त्यांनी त्याच्या हातातलं फाटकं पाकीट घेतलं, वाचलं, हुंगलं.  मला वाटलं, आता या माणसाची खैर नाही. पण त्या त्याला म्हणाल्या, "आधी गुरुजींकडं चल. टाकी उपसायला पायजे."

दुपारभर त्यांनी ती घाण स्वतः उपसली. मग माझ्याकडे वळल्या, "सर, आता दुकानात येता का?"

गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं. सिस्टरांनी काचेची बरणी मागून घेतली, लटकवलेलं एक पाकीट तीत रिकामं केलं, पाणी ओतलं आणि बरणी त्याच्यापुढं सरकवली.

"हितं तुझे महागाचे मासे हायत न्हवं? सोड एक ह्यात."

तो हसला. "सिस्टर, धंद्यात थोडं इकडंतिकडं व्हतंय. तुमचं नाव तर मोठं झालं ना!"

"माझं नाव?" त्यांचा आवाज चिरला. "जन्मभर ह्या हातानं बाळंतपणं केली म्या! कुनाच्या जिवाला इकडंतिकडं केलं न्हाय. काढ ते नाव."

मीही बरंच काही बोललो. पण मला आजही संताप येतो तो त्या गिऱ्हाइकांचा. त्यांतल्या दोघांच्या घरी सिस्टरांनी फुकट लावून दिलेल्या टाक्या होत्या. तरी कोणी मोबाईल बघत होतं, कोणी खड्यांचा भाव विचारत होतं.

दुकानदारानं पाकिटावरून 'सिस्टर' तेवढं काढलं. मातीत काडीचाही बदल केला नाही. खप चालूच राहिला.

गुरुजींची टाकी मात्र पुन्हा उभी राहिली. यावेळी मुलगा स्वतः गाळ आणायला गेला. सिस्टर त्याच्यावर खेकसत होत्या आणि तो मान खाली घालून चाळत होता.

या हिवाळ्यात सिस्टर गेल्या. दुपारी जरा आडव्या पडल्या त्या उठल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी बसस्टँडच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. कुठल्याशा सत्काराचा सिस्टरांचा फोटो, आणि खाली त्याहून ठळक अक्षरांत त्या दुकानाचं नाव, फोन नंबरासकट. मेल्यावरही बाईला त्यानं दुकानाच्या दारात उभं केलं. 

मी गुरुजींच्या घरी जाऊन सांगितलं. गुरुजी टाकीकडे बघत होते. त्यांनी मोठ्या कष्टानं मान वळवली, मुलाकडे बघितलं आणि तोंडातून एकच शब्द काढला, "काढ."

मुलगा शिडी घेऊन गेला. मी खाली शिडी धरली. दुकानदार बाहेर येऊन ओरडला, "ओ, माझा फ्लेक्स हाय तो!" मुलानं वळूनही पाहिलं नाही. ब्लेड लावलं आणि खालचा दुकानाचा भाग तेवढा सरळ कापून घेतला.

सिस्टर वर तशाच राहिल्या. हार घातलेल्या, कपाळावर आठी. त्यांच्या खाली चौकोनी भगदाड पडलं होतं, आणि त्यातून येरमाळ्याची एसटी वळताना दिसत होती.