वन्संना पांढरं फूल चालत नसे

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा वन्संनी माझी विचारपूस केली नाही की स्वतःच्या तब्येतीबद्दल मला बोलू दिलं नाही. नाकात नळी, आवाज खोल गेलेला, आणि चौकशी कशाची, तर माझ्या अंगणातल्या जास्वंदीवर पडलेल्या किडीची. कडुनिंबाचं तेल फवारलंस का, साबणाचं पाणी जास्त झालं तर पानं करपतात, आणि तू हमखास जास्त करतेस... मी म्हटलं, वन्सं, आता जरा पडून राहा. तर म्हणाल्या, "पडलेलीच आहे की. तू घरी जा, ऊन उतरलं की फवार." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. फोन आला तेव्हा फवाऱ्याची बाटली माझ्या हातातच होती, आणि रडू फुटायच्या आधी मला त्यांचा भयंकर राग आला.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, वसुधा. ऐन तिशीत नवरा गेला, मूलबाळ नाही. नोकरी केली, खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट घेतला, पण त्याच्या गॅलरीत ऊन असं यायचंच नाही. म्हणून आम्ही विचुंब्याला रो-हाउस घेतलं तेव्हा त्याच्या पुढची मातीची पट्टी त्यांनी आपलीच समजून टाकली. मी मनाशी ठरवलं होतं, सगळी पांढरी फुलं लावायची. मोगरा, अनंत, कुंदा, तगर. इतकी वर्षं खिडकीत कुंड्या टांगून काढली होती, एवढी हौस तर माझी असू द्या! पण वास्तुशांतीच्या आदल्या दिवशीच बाई दोन हातांत दोन रोपं धरून रिक्षातून उतरल्या. एक लाल जास्वंद, एक गुलाबी गावठी गुलाब. आमचे हे लगेच कुदळ शोधायला पळाले. बहिणीपुढे यांचं कधी काही चाललेलं नाही.

मग सुरू झाल्या गव्हाणच्या रस्त्यावरच्या नर्सरीच्या वाऱ्या. रोप आवडलं, पिशवीत घातलं, निघालो, असं वन्संच्या बाबतीत शक्यच नव्हतं. फूल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रोप घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. नर्सरीवाला कळवळून सांगायचा, "ताई, ही गुलाबीच हाय वो, पांढरी नाय." वन्संचं म्हणणं, मग उमलू दे, आम्ही थांबतो. थांबतो म्हणजे रोप बाजूला ठेवून घ्यायचं आणि कळी फुटली का बघायला पुन्हा उन्हातून यायचं, मला बरोबर घेऊन. माझे गुडघे दुखतात हे त्यांना माहीत होतं. त्यावर त्यांनी मला तेल सुचवलं होतं. एकदा मी फारच वैतागले तेव्हा मोठ्या मनाने माझ्यासाठी मधुमालतीचा वेल घेतला. घे तुझं पांढरं, म्हणाल्या. संध्याकाळी पांढरीशुभ्र फुलं उमलली, मी खूश. सकाळी बघते तर सगळी गुलाबी, आणि पुढे लाल! वन्सं चहा पीत गालातल्या गालात हसत होत्या. त्यांना ठाऊक होतं.

मी भांडायचे, पण निकराने कधी भांडले नाही, कारण हा लाल-गुलाबीचा हट्ट कुठून आला ते मला कळत होतं. नव्या घरातल्या पहिल्या हळदीकुंकवाला मी सगळ्या बायकांना गजरे दिले आणि वन्संपुढेही गुलाब धरला. सासूबाई तेव्हा नव्हत्या, पण त्यांच्या धाकट्या बहिणीने, मावशींनी, माझ्याकडे असं पाहिलं की माझा हात तसाच राहिला. मावशी स्वतःही विधवा, वन्संच्याही कितीतरी आधीपासूनच्या. वन्सं हलकेच म्हणाल्या, "राहू दे शैला, तमाशा नको," आणि उठून बागेला पाणी घालायला गेल्या. मला त्या मावशींचा संताप आला, आणि निमूट उठून गेलेल्या वन्संचा त्याहून जास्त. माझ्याशी एकेका कुंडीवरून तासभर हुज्जत घालणारी बाई तिथे एक शब्द बोलली नाही.

त्या गेल्या त्या सकाळी खांदा कॉलनीतल्या घरात मावशी सगळ्यांना सूचना देत होत्या. फुलं पांढरीच आणा, शेवंती मिळाली तर बघा, रंगीत काही नको. मी कुणाशी काही न बोलता खाली उतरले, रिक्षाने विचुंब्याला आले आणि अंगण ओरबाडून काढलं. जास्वंदी, गुलाब, मधुमालतीचे घोस, जे हाताला लागेल ते. पिशवी भरून परत आले. मावशी म्हणाल्या, "शैला, ती कोण होती ते विसरलीस का?" मी म्हटलं, "नाही विसरले. बाग तिची होती." आणि वन्संच्या केसांत गुलाब खोवला. हे गॅलरीत जाऊन उभे राहिले, वाद झाला की जातात तसे. मावशी भिंतीकडे तोंड करून बसल्या.

गेल्या आठवड्यात मावशी न कळवता घरी आल्या. आता उट्टं काढणार, असं समजून मी चहा टाकला. अंगणात खुर्ची टाकून बसल्या आणि सुरू झाल्या. पाणी जास्त घालतेस, छाटणी चुकलीय... या घरातल्या बायकांना माझी बाग एवढी का खुपते, देव जाणे. मी कप ठेवून आत जायला वळले तेव्हा म्हणाल्या, तो गुलाब दे एक. देवाला हवा असेल म्हणून तोडून दिला. त्यांनी तो हातात फिरवून फिरवून पाहिला. मग माझ्याकडे पाठ केली.

"लाव," म्हणाल्या.

अंबाडा एवढासा, फूल काही केल्या ठरेना. शेवटी माझ्या केसांतली पिन काढून बसवलं. त्या मात्र, काय चाललंय तुझं, म्हणून माझ्यावरच खेकसत होत्या. निघताना मी फाटकापर्यंत सोडायला गेले. समोरच्या ओट्यावर शेजारच्या बायका बसल्या होत्या, त्या बघतच राहिल्या. मावशींनी रिक्षात चढताना पदर सावरला, पण डोक्यावरून घेतला नाही.