गुहेतले खडे मी वाळत घातले

माझी सून वाघळांच्या लेंडीचा अभ्यास करते. आता हे वाक्य माझ्या तोंडून सरळ निघतं, पण लग्न जुळलं तेव्हा माझी जीभ अडखळायची. नातेवाईक विचारायचे, मुलगी काय शिकून राहिली? मी सांगायची, "जमिनीतलं." तेवढ्यावर लोकांचं समाधान व्हायचं. एका दूरच्या दिरांनी विचारलं, "मंग बोरिंगले पाणी कुठं लागते ते सांगते का?" मी म्हटलं, विचारून सांगते.

खरं पाहिलं तर अभ्यास लेंडीचाही नाही, लेंडीपासून जे बनतं त्याचा आहे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसलो होतो, तेव्हा तिनं मला नीट समजावून सांगितलं. चुनखडकाच्या गुहेत हजारो वाघळं उलटी टांगून राहतात. त्यांची लेंडी खाली पडते, साचते, कुजते. त्यात ओल असली की तिथं खडे तयार होतात, फॉस्फेटचे. काही लेंडीच्या थरातच, काही खालच्या खडकावर, मातीत. असे खडे दुसरीकडे फारसे मिळत नाहीत. तिचं सगळं लक्ष होतं ते एका खड्यावर, त्याचं नाव स्ट्रुवाइट. "काही माणसांच्या मूतखड्यातही हाच निघते, आई," ती म्हणाली. माझ्या नवऱ्याचा मूतखडा डॉक्टरांनी बाटलीत घालून दिला होता. शोकेसमध्ये वर्षभर ठेवला आणि दिवाळीच्या सफाईत फेकला. तेव्हा कोणी काही सांगितलं नाही.

तर, आमच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, जिथं लोक कोथिंबीर ठेवतात, तिथं तिचे सहा छोटे डबे असायचे. चंद्रपूरच्या पलीकडच्या जंगलातल्या एका गुहेतून आणलेले. घरी काहून ठेवले, असं मी एकदा विचारलं. तर म्हणे कॉलेजच्या फ्रिजमध्ये सर लोकांच्या पाण्याच्या बाटल्या राहतात, ते हात घालतात, भरवसा नाही. घरी भरवसा होता.

ती दोन दिवसांसाठी माहेरी मौद्याला गेली होती, चुलतबहिणीचं लग्न होतं. मुलगा बुटीबोरीला कारखान्यात, सकाळी सातला निघतो. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला होता. त्यात रात्रीच आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सकाळी फ्रिज उघडला तर सगळ्याला पाणी सुटलेलं. दूध शेजारी दिलं, भाजी चिरून टाकली, आणि मग ते डबे काढले. झाकण उघडून पाहिलं. आतमध्ये ओल्या कापसावर पिवळट खडे, खडीसाखरेसारखे, आणि वास असा की डोळ्यात पाणी आलं. मनात म्हटलं, झालं. पोरीची मेहनत कुजून चालली.

आता माझ्यासारख्या बाईला अशा वेळी कोणाला विचारायचं सुचत नाही. ओल धरलेली वस्तू आणि मे महिन्याचं ऊन, यात विचारण्यासारखं काही नसतं. आमच्या गच्चीवर या दिवसात काय वाळत नाही? कुरड्या, मुगवड्या, गहू, गाद्या, पुस्तकं, एकदा तर मुलाचा भिजलेला मोबाइल. मी नवऱ्याचं जुनं धोतर दोन पदरी अंथरलं, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि सहाही डब्यांतले खडे सहा जागी वेगवेगळे पसरले. प्रत्येक डब्यात नंबराची चिठ्ठी होती, ती ज्याच्या त्याच्या शेजारी दगडाखाली ठेवली. वरून मच्छरदाणी, कावळ्यांसाठी. नऊला टाकले, बाराला पलटवले, चारला काढले. दुपारपर्यंत वास पार गेला. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, खराबी निघून गेली. खडे पांढरे झाले होते, बोटानं दाबलं की पीठ पडत होतं. मस्त कोरडे. डबे धुतले, पुसले, कापूस फेकला, खडे चिठ्ठ्यांसकट परत भरले.

संध्याकाळी लाइट आली. दुसऱ्या दिवशी सूनही आली. तिनं पाय धुतले, पाणी प्यायली आणि सरळ फ्रिजकडे गेली.

"आई, हे डबे कोनं उघडले?"

"मी. लाइट नव्हती, सारं पाणी पाणी झालं होतं. मी वाळवून ठेवले. चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्यात आहे, गडबड नाही केली."

तिनं एक खडा हातात घेतला. तो हातातच फुटला.

"वास येत होता का?"

"येत होता ना वं, भयंकर. दुपारपर्यंत गेला सारा."

ती खुर्चीवर बसली. डब्याला झाकण लावलं. मग म्हणाली, "आई, तो वास म्हणजेच तो खडा होता."

मग तिनं मला सांगितलं. त्या खड्यात पाणी आणि अमोनिया बांधलेला असतो, आणि त्यामुळेच तो स्ट्रुवाइट असतो. उन्हात दोन्ही उडून जातात. मागे जे पांढरं राहतं ते दुसरंच काहीतरी. गुहेत काय बनतं हे तिला दाखवायचं होतं. आमच्या गच्चीवर काय बनतं ते तिला कोणी विचारलं नव्हतं.

"मंग आता?" मी विचारलं.

"आता काही नाही."

काही नाही म्हणजे काय, ते मला रात्री जेवताना मुलाकडून कळलं. तिच्या पीएच.डी.ला एकदा मुदत वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. दुसऱ्या शहरात एक मशीन आहे, त्यात खडा ठेवला की तो नेमका काय आहे ते कळतं. त्या मशीनची तारीख पंधरा दिवसांवर आली होती. आणि मृग लागला की गुहेत पाणी भरतं, वाघळांच्या पिलांचेही दिवस असतात, त्यामुळे दिवाळीपर्यंत आत कोणालाच सोडत नाहीत. तिची या वर्षीची परवानगी वापरून झाली होती.

"तुले कुरोड्या कमी पडल्या होत्या का?" मुलगा म्हणाला.

"तू चूप बैस गा," मी म्हटलं.

सुनेनं रागावायला पाहिजे होतं. चार शब्द बोलली असती तर मीही चार बोलले असते आणि जमलं असतं. ती उलट म्हणाली, "डब्यावर मी लिहून ठेवायले पाहिजे होतं. चूक माझी आहे." हे मला फार लागलं. तिची काय चूक? तिच्या माहेरी काय वाळवण करत नाहीत? ओलं झालेलं उन्हात टाकायचं हे तिलाही माहीत होतं, मलाही माहीत होतं, फक्त ती वस्तू कोणती ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती जंगलाच्या ऑफिसात पुन्हा परवानगी मागायला निघाली. मी म्हटलं, मी येते. नको म्हणाली. मी चप्पल घातली. रस्त्यात तिचा अर्ज वाचला. लिहिलं होतं, "नमुने हाताळणीत खराब झाले."

"कोणाच्या हाताळणीत? साहेबाले वाटन, तूच पाडले."

"आई, असंच लिहितात."

मी ऑफिसाच्या बाकावर बसून माझा वेगळा अर्ज लिहिला. मी खाली सही करणारी, सदर विद्यार्थिनीची सासू, लिहून देते की घरातील फ्रिज बंद पडल्याने तिचे सहा डबे मी गच्चीवर उन्हात वाळत घातले, त्या वेळी ती मौद्याला लग्नात होती, तिचा यात काही संबंध नाही, तरी तिला पुन्हा गुहेत जाऊ द्यावे.

साहेब तरुण होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"उन्हात?"

"हो."

"किती वेळ?"

"नऊ ते चार. बाराला पलटवले."

"पलटवले काहून?"

"एका बाजूनं वाळत नाही ना."

त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांना पटलं असावं. मग सुनेला बरंच काही विचारलं. किती खडे लागतील, चिमूटभर चालेल का, आवाज न करता किती वेळात निघाल. तिनं उत्तरं दिली. साहेब म्हणाले, मृगाच्या आधी एक दिवस, एक तास, सोबत आमचा गार्ड, वाघळं जिथं पिलं घेऊन आहेत तिकडे जायचं नाही. आणि पेन उचलण्याआधी त्यांनी विचारलं, "या वेळी डबा कोणाजवळ राहील?"



"यांच्याजवळ," सून माझ्याकडे हात करून म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

तर मी गुहेला गेले. आत नाही, बाहेर. मोहाच्या झाडाखाली थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसले, आत बर्फाच्या पिशव्या. सून आणि गार्ड तोंडाला मास्क बांधून आत गेले. गुहेच्या तोंडाशी सुद्धा तो वास होता. तासाभरानं ती बाहेर आली, केसांपासून पायापर्यंत काळी, आणि चेहरा उतरलेला.

"जुन्या जागेवर काही नाही. सारं वाळलं आहे."

"मी तर इकडं काही नाही केलं."

गार्ड हसला. ती नाही हसली. एका कोपऱ्यात झिरप होती, तिथं तिला थोडंसं मिळालं होतं. एवढीशी कुपी, तळाशी हरभऱ्याच्या डाळीइतके चार-पाच दाणे. पिवळट होते, पण पिवळट दिसणारं दुसरंही असतं म्हणे. मशीनमध्ये घातल्याशिवाय सांगता येत नाही.

परतीचा रस्ता साडेचार तासांचा. जीपला एसी नव्हता. मी डब्यावर ओला टॉवेल टाकला, सुकला की बाटलीतलं पाणी शिंपडायचं. वरोऱ्याच्या पुढे ड्रायव्हरनं विचारलं, "आजी, मासे आहे का?" मी म्हटलं, नाही, औषध आहे. सून मागच्या सीटवर मान टाकून झोपली होती. माझ्या मनात किती वेळा आलं की झाकण थोडं सरकवून पाहावं, बर्फ आहे की गेला. हात झाकणापर्यंत जायचा. मग मी तो हात खिडकीच्या बाहेर ठेवला. जळत होता, पण ठेवला.

मशीनच्या तारखेला ती एकटीच गेली. मी म्हटलं, आता माझं काम नाही. सकाळपासून मी काहीही वाळत घातलं नाही, धुतलेले कपडेसुद्धा बादलीतच राहिले. अकराला मुलाचा फोन आला, काही कळलं का. नाही म्हटलं. दीडला पुन्हा आला. मी म्हटलं, "तुले कारखान्यात काम नाही का?"

साडेतीनला तिचा फोन आला. मागे पंख्याचा मोठा आवाज होता, तिचं बोलणं नीट ऐकू येईना.

"आहे, आई. तोच आहे."

"किती?"

"थोडाच. एका दाण्यात तर दुसरंच निघालं. पण पुरते."

"जेवली का?"

"नाही अजून."

"मंग जेव आधी," मी म्हटलं आणि फोन ठेवून मुलाला लावला. त्यानं विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं, "पुरते म्हणते." मग गच्चीवर जाऊन कपडे वाळत घातले.