सीलबंद पंधरा किलो

स्टोअरबाईंच्या ताब्यात एकदा गेलेली वस्तू चिठ्ठीशिवाय बाहेर येत नसे. कारखान्याच्या स्टोअरला जाळीची खिडकी होती आणि त्या खिडकीमागे बसून बाईंनी सगळी नोकरी काढली. हातमोजे फाटले? आधी फाटके जमा करा, मग नवे मिळतील. डाव्या हाताचाच फाटला असेल तर डाव्या हाताचाच मिळेल, उजवा मागायचा नाही. कामगार पाठीमागे त्यांना काय काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंना ते ऐकू येत असे आणि ऐकून त्यांना बरंच वाटत असे.

निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, पण जित्याची खोड कशी जाणार? लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाच्या घरात वरची खोली त्यांची. खाली भाऊ, भावजय आणि पुढच्या खोलीत भावजयीचं ब्यूटी पार्लर. नणंद-भावजयीत विळ्याभोपळ्याचं सख्य. केस रंगवायच्या औषधाचा वास जिन्याने वर आला की बाई धाडकन दार लावत, आणि दार वाजलं की खाली भावजय मुद्दाम पंखा जिन्याकडे वळवून ठेवी. मध्ये भाऊ होता म्हणून दोघींच्या झिंज्या शाबूत राहिल्या. गेल्या वर्षी तो आजारपणात गेला आणि घरात फक्त जिना उरला.

जाण्यापूर्वी त्याने एक उद्योग करून ठेवला होता. स्वतःसाठी आणि बायकोसाठी आफ्रिकेतल्या जंगल सफारीचं बुकिंग. पैसे परत मिळणार नाहीत, नाव मात्र बदलून देऊ, असं कंपनीने कळवलं. भावजयीने अर्थातच आधी स्वतःच्या बहिणीला विचारलं. पण तिकडे जायला पिवळ्या तापाची लस लागते आणि बहिणीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी लस द्यायला साफ नकार दिला. दोन मैत्रिणींनी सुनेची बाळंतपणं पुढे केली. मग एका सकाळी जिन्याखालून हाक आली, "वन्सं, येणार का? सीट फुकट चाललीय."

असल्या आमंत्रणाला बाईंनी दार आपटून उत्तर द्यायला हवं होतं. दिलं नाही, कारण त्यांना जायचं होतं. कारखान्यातून थकून आल्यावर त्या टीव्हीवर एकच गोष्ट बघत. नदीच्या काठावर हजारो जनावरं येऊन थांबतात, खाली मगरी असतात, कोणी पुढे होत नाही, आणि मग एक जण उडी मारतो आणि त्याच्यामागे सगळा कळप. आयुष्यभर बाईंच्या हातून वस्तू बाहेर गेल्या, बाई कुठेच गेल्या नाहीत. ती नदी डोळ्यांनी बघायची, याच्याएवढी ओढ त्यांना कशाचीच लागली नव्हती, माणसाची तर नाहीच.

"येते," त्या म्हणाल्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी. पण पाय धरतानाही बाईंचा आवाज खिडकीतलाच होता. "तयारी मात्र माझ्या पद्धतीने होणार."

"करा बाई. नाहीतरी तुम्हाला दुसरं काय येतं?"

कंपनीच्या माणसाने बैठक घेऊन सगळं सांगितलं होतं. जंगलात लहान विमानाने जायचं, म्हणून कडक सुटकेस चालणार नाही, मऊ कापडी बॅग हवी, तीही चाकांशिवाय. माणशी पंधरा किलो, त्यात कॅमेराही आला आणि खांद्यावरची पिशवीही. प्लास्टिकच्या पिशव्या त्या देशात बंद आहेत, एकही न्यायची नाही. दिवसा ऊन असलं तरी पहाटे उघड्या जीपमध्ये कुडकुडायला होतं, तेव्हा जाड जाकीट घ्या. टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी हवी. दुर्बीण प्रत्येकाची वेगळी घ्या, नाहीतर सिंह राहील बाजूला आणि नवराबायको भांडत बसतील. सगळे हसले होते. या दोघी हसल्या नाहीत.

बाईंनी माळ्यावरून वजनाचा हुकाचा काटा काढला, दाराच्या चौकटीला टांगला आणि भावजयीची बॅग त्याला लटकवली.

"अठरा. काय भरलंयस? दगड?"

"क्रीम आहे. उन्हाचं."

"एवढं? सगळ्या आफ्रिकेला फासणार आहेस?"

बाईंनी बॅग पलंगावर उपडी केली. क्रीमच्या खालून निळे कुडते निघाले, एकाखाली एक. निळा आणि काळा रंग तिथल्या एका माशीला फार आवडतो, ती चावली तर माणसाला झोपेचा आजार होतो, हे बैठकीत दोनदा सांगितलं होतं. मातकट, खाकी, फिकट हिरवं असंच न्यायचं.

"मातीच्या रंगात मी मढ्यासारखी दिसते," भावजय म्हणाली.

"बघायला कोण येणार आहे? हत्ती?" बाईंनी कुडते बाजूला फेकले, मग अत्तराची बाटली उचलली. "आणि हे कशाला? जंगलात चाललीयस की लग्नाला?"

"तुम्ही मात्र माशीला घाबरू नका हां, वन्सं. तुमच्या नाकावर इथलीसुद्धा कधी बसली नाही."

बाटली बाहेर राहिली. कुडतेही बाहेर राहिले. बॅग पुन्हा काट्याला लागली तेव्हा पंधराच्या आत होती आणि भावजयीचा चेहरा रागाने लाल झाला होता.

लस दोघींनी वेळेत घेतली, दवाखान्यातल्या एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून. लस घेतल्याचा दाखला म्हणून पिवळी कार्डं मिळाली. ती बाईंनी ताब्यात घेतली. मलेरियाच्या गोळ्या निघण्याच्या आधीपासून सुरू करायच्या होत्या, त्याही बाईंनी ताब्यात घेतल्या. दोघींच्या गोळ्या बाईंच्या कपाटात, कपाटाला कुलूप. भावजयीने जेवण झाल्यावर वर यायचं, बाई एक गोळी काढणार आणि ती गिळेपर्यंत समोर उभ्या राहणार.

पहिल्या दिवशी भावजयीने गिळली. दुसऱ्या दिवशी ती गोळीकडे बघतच राहिली.

"त्यांच्या गोळ्यापण याच कपाटात होत्या ना?" ती म्हणाली.

बाई कपाटाला कुलूप लावू लागल्या.

"दुखण्याच्या गोळ्या. दुपारभर कण्हत होते ते. मी या दारात उभी राहून मागितली. तुम्ही म्हणालात, अजून वेळ झाली नाही."

"डॉक्टरांनी वेळा लिहून दिल्या होत्या. आधी दिली असती आणि काही झालं असतं तर?"

"काय झालं असतं, वन्सं? मेले असते?"

भाऊ त्यांचाही होता. त्याचं कण्हणं त्यांनाही वरपर्यंत ऐकू येत होतं आणि किल्ली मुठीत धरून त्या घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. हे त्या सांगू शकल्या असत्या. त्याऐवजी त्या म्हणाल्या, "गोळी घे. पाणी गार होतंय."

भावजयीने गोळी घेतली, पाणी न पिताच गिळली आणि खाली गेली. त्यानंतर ती वर येऊन नुसता हात पुढे करी. बोलणं बंद झालं. बाईंना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

निघायच्या आदल्या दिवशी भावजय पार्लरमध्ये कुणाच्या तरी भुवया कोरत होती, तेवढ्यात बाईंनी शेवटची तपासणी केली. स्टोअरमधून माल बाहेरगावी जायचा तेव्हा त्याचा तपासणीचा दाखला खोक्यातच जायचा, अगदी वर, म्हणजे पलीकडच्या माणसाने झाकण उघडलं की पहिला तोच दिसावा. कागद मालाबरोबर. कागद सुटा फिरला की हरवलाच, हे बाईंच्या रक्तात भिनलं होतं. पिवळं कार्ड दाखवायचं ते तिकडे उतरल्यावर, असा त्यांचा हिशेब. तेव्हा त्यांनी एकेक कार्ड एकेका बॅगेत जाकिटाच्या वर ठेवलं, चेन ओढली, चेनीवर चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर सही केली. मग दोन्ही बॅगा खाली नेऊन ठेवल्या.

"सील केलंय. आता उघडायचं नाही," त्या पार्लरच्या पडद्यातून म्हणाल्या.

विमानतळावर बाई खुशीत होत्या. कबूल केलं नसतं, पण होत्या. बाकीची मंडळी आपापल्या गावांहून परस्पर तिकडे पोचणार होती, कंपनीचा माणूसही तिकडेच भेटणार होता. खिडकीतल्या मुलीने पासपोर्ट बघितले, बॅगांना कागदाचे पट्टे लावले आणि बॅगा सरकत्या पट्ट्यावरून आत गेल्या. बाईंची बॅग बरोबर पंधरा किलो भरली. हे त्यांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थांनाही सांगितलं.

पुढे आरोग्य तपासणीचं टेबल होतं. "पिवळं कार्ड," टेबलामागचा माणूस म्हणाला.

भावजय पुढे होती. तिने पर्स उघडली, पासपोर्टात घातलेलं कार्ड काढून दाखवलं आणि बाजूला झाली. बाई त्या कार्डाकडे बघतच राहिल्या.

"सील फोडलंस?"

"फोडलं. निळे कुडते घातले आत. अत्तरपण. कार्ड वरच होतं, ते काढून घेतलं आणि पट्टी परत होती तशी चिकटवली."

"तुमचं कार्ड, बाई," माणूस म्हणाला.

"बॅगेत आहे. सामानाच्या. पण लस घेतलीय हो मी. हिच्याबरोबरच घेतलीय, हिला विचारा."

"कार्ड लागतं. त्याशिवाय विमानात बसता येत नाही."

"अहो, मी खोटं कशाला बोलू? वरच आहे. चेन उघडली की दिसेल. जरा मागवता का ती बॅग?" बाईंचे हात टेबलावर जोडले गेले होते. आयुष्यात त्यांनी कुणाला असं विनवलं नव्हतं.

"बॅग विमानाखाली गेली. शोधून आणेपर्यंत विमान थांबत नाही. तुम्ही चढला नाहीत की ती उतरवतीलच, मग घरी घेऊन जा. जरा बाजूला व्हा, मागे रांग आहे."

बाई बाजूला झाल्या. "तुला ठाऊक होतं," त्या भावजयीला म्हणाल्या. "माझंही आतच असणार, हे तुझ्या लक्षात आलं होतं."

"आलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

भावजयीने पर्सची चेन लावली. "आले होते सांगायला. अर्धा जिना चढलेही होते. मग वाटलं, नको. तुमचं तोंड बघवेना मला."

एवढंच बोलून ती चालू लागली. मातकट कुडत्यात ती खरंच वाईट दिसत होती, आणि ती जात होती. काचेच्या दरवाज्यापाशी थांबून तिने वळून बघितलं.

"वन्सं, नदीचे फोटो आणते तुम्हाला."

"नकोत मला तुझे फोटो! मर तिकडेच!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की अख्खी रांग वळून बघू लागली. दरवाजा मिटला. बाई भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या, भावासाठीही रडल्या नव्हत्या इतक्या. तिकडच्या तंबूत भावजय शेजारच्या पलंगावर असली तरी चाललं असतं, निळ्या कुडत्यांसकट, अत्तरासकट. त्यांना जायचं होतं.