तळ्याकाठची भाकरी आणि जजबाईंचा नवरा

मागच्या महिन्यातली गोष्ट. सोलापुरात तळ्याकाठी रोजच्यासारखा सकाळी फिरायला गेलो, तर समोरून येणाऱ्या अण्णांनी मला पाहिलं आणि चक्क पाठ फिरवली. मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं!

का, ते सांगतो. माझी बायको न्यायाधीश आहे. दर तीन वर्षांनी बदली, नवा जिल्हा, नवं क्वार्टर... आणि मी लॅपटॉप काखेत मारून तिच्या मागे. शेजारपाजारी आम्ही एवढंच सांगतो, "बायको सरकारी नोकरीत आहे."

कारण जज आहे कळलं की माणसं एकदम गोड होतात. कोकणात दाराशी आंब्याची पेटी, खानदेशात केळीचा घड, विदर्भात संत्री... जिल्हा बदलला की माल बदलतो, हेतू तोच. एकदा तर पेटी परत करूनही तिच्यावर निनावी तक्रार झाली, आणि खुलासे देता देता बिचारीची झोप उडाली. तेव्हापासून घरचा कायदा एकच, बाहेरचा डबा उंबऱ्याच्या आत येणार नाही.

या कायद्यात माझं काय होतं, ते कुणी विचारत नाही! इतक्या वर्षांत धड एक मित्र नाही हो. कुणी दोनदा हसून बोललं की तिसऱ्या दिवशी मीच रस्ता बदलतो.

अण्णा मात्र चिकटले (खरं नाव सांगत नाही). कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले, शुक्रवार पेठेत राहणारे. माझी नोकरी, पगार, बायको... काही म्हणता काही विचारलं नाही त्यांनी, आणि तेच मला खटकायचं. इतका निरिच्छ माणूस असतो का कुठं?

रोज पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. "खावा की साहेब, लई लाजताय." आता डबा घरी न्यायचा नाही हे खरं, पण बाकावर बसून खायचं नाही असं कायद्यात कुठं लिहिलं होतं? खाल्ली. चांगली चाटूनपुसून खाल्ली.

आणि एका शुक्रवारी बायको चष्मा विसरली म्हणून कोर्टात द्यायला गेलो... तर तिच्याच कोर्टाच्या दाराशी वकिलाबरोबर अण्णा उभे! नेमका तेव्हाच शिपाई मोठ्यानं म्हणाला, "मॅडमचे मिस्टर आलेत." अण्णांनी मान वर केली.

म्हणजे चटणी फुकटची नव्हती तर! उद्या हा बाहेर सांगत सुटला, की जजबाईंचा नवरा माझ्या डब्यातलं खातो, तर तिची इतक्या वर्षांची नोकरी एका भाकरीपायी... घरी बोलायची हिंमतच झाली नाही.

सोमवारी त्यांनी पाठ फिरवली ती अशी. मला वाटलं, नाटक. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी मात्र सात रस्त्याजवळ चहाच्या टपरीवर गाठलंच आणि आवाज चढवून विचारलं, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?"

"देवाशपथ न्हाय साहेब." कप खाली ठेवत अण्णा हळू आवाजात म्हणाले, "घराचा दावा हाय, भावाबरोबर. माझी बाजू खरी हाय. पण उद्या जिंकलो तर भाऊ म्हणंल, वळखीनं जिंकला. म्हणून बोलत न्हाय. तुमी बी बोलू नका." आणि अर्धा चहा तसाच टाकून गेले.

लाज वाटली मला. पण खरं सांगू? संशय तरीही पुरता गेला नाही... हेही नाटकच असलं तर?

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं, चटणीसकट. ती अशी भडकली! "बाकावर खाल्लं म्हणजे खाल्लं नाही होय?" दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून वरिष्ठांना कळवलं, की माझ्या नवऱ्याची या दाव्यातल्या एका पक्षकाराशी ओळख आहे. काही दिवसांत दावा दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग झाला.

घरी ती केसबद्दल अवाक्षर काढत नाही. त्या दिवशी तेवढं म्हणाली, "निकालाजवळ आलं होतं रे त्यांचं. आता लांबणार."

लांबणार... माझ्या जिभेपायी. वर डोक्यात तोच किडा, की ओळख वापरायचाच डाव असेल तर आता म्हातारा चिडणार. शिव्या खायच्या तयारीनं बाकावर जाऊन बसलो.

अण्णा आले, शेजारी टेकले. मी माफी मागायला लागलो, तर हातानंच थांबवलं. "उशीर हुईल, हुंदे की. खऱ्यानं जिंकलो असं तरी म्हणता येतंय. आता मॅडमकडं आपलं काय न्हाय न्हवं?" आणि पिशवीतून डबा काढला.

मी भाकरी मोडली... आधी दोन्हीकडे बघून घेतलं. सवय जात नाही. अण्णा खो खो हसले.

उन्हाळ्यात आमची बदली येईल, बहुतेक त्यांचा निकाल लागायच्या आधीच. पुढच्या गावातही कुणीतरी डबा पुढे करेल आणि मी संशय घेईनच, घ्यावाच लागतो. पण अण्णांच्या निकालाच्या दिवशी, असेन तिथून गाडी पकडून सोलापूरला येणार आहे. शिपायानं विचारलं कोण, तर सांगेन... अण्णांचा मित्र.