क्लिंकरचे नऊ दिवस

टेमघरच्या एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला कांजी लावून वाफेवर सुकवणाऱ्या कारखान्यात, केसरीनाथने सव्वीस वर्षं बॉयलरवर काढली. दिघाशीच्या घरून आधी सायकलने जायचा, मग मोटरसायकलने. जाळाचा रंग बघून वाफ किती चढलीय ते सांगायचा, दाबाच्या काट्याकडे नंतर बघायचा.

त्याची मुलगी दिपिका केमिकल इंजिनियर झाली आणि चंद्रपूरकडच्या एका प्रायोगिक प्लांटवर लागली. तिथे कोळशापासून हायड्रोजन बनवत. केसरीनाथला ते पटायलाच महिना लागला.

"बाबा, आम्ही कोळसा नुसता जाळत न्हाय," तिने समजावलं होतं. "ऑक्सिजन थोडाच द्यायचा आणि वाफ भरपूर. त्याचा गॅस होतो, त्यातून हायड्रोजन काढायचा. उरलेला कार्बन डायऑक्साइड चिमणीतून सोडायचा न्हाय. धरून ठेवायचा."

"धूर कसा काय धरतेस गो?"

"उंच टाकीत द्रावण असतं, ते त्याला शोषून घेतं. पुढं जमिनीत खोल पुरायचा विचार हाय. पण जागा अजून तपासतायत."

दीड वर्षात ती दोनदाच घरी आली. फोन रविवारी यायचा, तोही आईला. रूपा बोलायची आणि केसरीनाथ शेजारी बसून ऐकायचा.

मार्चमधल्या एका मंगळवारी भर दुपारी तिने थेट त्यालाच फोन केला.

"बाबा, भट्टीत क्लिंकर धरतंय."

राख वितळून दगडासारखे गोळे जमायला लागले होते. हे दुखणं केसरीनाथने आयुष्यभर सळईने फोडून काढलं होतं. तो यंत्रांच्या आवाजापासून लांब, गेटबाहेर गेला.

"कोळसा बदलला काय?"

"हो, नव्या खाणीचा हाय."

"गोळा काचेसारखा चकाकतो? मंग जाळ जास्त हाय तुमचा. वाफ वाढव, बाय."

"साहेब म्हणतात, वाफ वाढवली तर भट्टी थंड पडेल."

"एकदम नको. थोडी वाढव, राख बघ, मंग परत थोडी."

नऊ दिवस रोज फोन आला. ती राखेचे फोटो पाठवायची. तो ते मोठे करून बघायचा आणि डबा तसाच राहायचा. नवव्या दिवशी ती ओरडलीच, "बाबा, सुटलं! एक गोळा न्हाय! हायड्रोजनपण वाढलाय!"

सायझिंगमधल्या सगळ्यांना त्याने चहा पाजला.

दहाव्या दिवशी फोन आला नाही. अकराव्या दिवशीही नाही. रेंज यावी म्हणून तो फोन खिडकीत ठेवू लागला. एकदा कोळसा ओढताना मनात आलं, पुन्हा एखादं क्लिंकर धरावं. त्याची त्यालाच शरम वाटली. पोरीची दीड वर्षाची मेहनत, आणि बाप तिच्या भट्टीचं वाईट चिंततोय!

रूपाला त्याने हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग तुम्हीच करा की फोन."

"काय बोलू?"

"काय पण बोला. पोरगी तुमचीच हाय ना?"

त्याने केला. "भट्टी बरी हाय?" "हाय बाबा. का?" "असाच." पलीकडे मशीनची घरघर येत राहिली. तिने फोन ठेवला नाही.

दिवाळीला ती तीन दिवस आली. मोठा प्लांट उभा राहत होता, ओडिशात. तिला तिकडे बोलावलं होतं, निदान तीन वर्षं तरी.

"जा," केसरीनाथ म्हणाला.

सामान अजून चंद्रपूरला होतं, म्हणून आधी तिथे जायला हायवेवरच्या पडघ्याहून नागपूरच्या ट्रॅव्हल्सने निघायचं ठरलं. हायवेच्या कडेला उभं असताना दिपिकाने त्याचा हात हातात घेतला, बोटांवरचे भाजल्याचे जुने डाग बघितले आणि बस आल्यावर सोडला.

बस गेली. पंधरा मिनिटांनी नागपूरचीच दुसरी बस थांबली. क्लीनर दारातून वाकून म्हणाला, "येताय काय, काका?"

केसरीनाथने मानेनेच नाही म्हटलं. बस सुटली, तरी तो तिथेच उभा राहिला.